ठमीचे पत्रे

गल्लीत त्यांना नाकमुरडे मिस्त्री म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होतं. त्याचं त्यांना वाईट वाटत नसे. उलट ज्यांची नाकं जन्मभर सरळ राहतात त्या लोकांना वास कसा येत नाही, याचंच त्यांना नवल वाटायचं.

किळस हा या माणसाचा स्थायीभाव. चहावर साय दिसली की कप परत. दुसऱ्याने वापरलेला पाना हातात घ्यायचा तर तो आधी रॉकेलमधून निघाला पाहिजे. बोल्ट अंदाजाने आवळणारे, गॅस्केट बसत नाही म्हणून जोडाला लाल गोंद फासणारे, नव्या पिस्टनवर घामेजलेला अंगठा उमटवणारे, अशा सगळ्यांची त्यांना सारखीच शिसारी यायची, आणि आलेली शिसारी पोटात ठेवायची असते हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एखादं गिऱ्हाईक कौतुकाने काही दाखवायला आणी. मिस्त्री ती वस्तू मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांनी उचलत, उजेडात फिरवत आणि "शी" म्हणत. गिऱ्हाईक तोंड पाडून निघून जाई. पुढे तो पार्ट खरोखरच तुटला की तेच गिऱ्हाईक मुकाट्याने परत येई. त्यामुळे मिस्त्रींचं नाक दिवसेंदिवस शेफारत गेलं.

त्यांचं काम हवेवर थंड होणाऱ्या इंजिनांचं. जुन्या, पाठीला बाक आलेल्या गाड्या. इंजिन मागे, पाण्याचा थेंब नाही, एक मोठा पंखा वारा ओढतो आणि त्या वाऱ्यावर सगळं निभतं. पाण्याचं इंजिन मेकॅनिकच्या चार चुका गिळून चालत राहतं, हवेचं इंजिन एकाच चुकीत भाजून निघतं, असं मिस्त्री सांगत. घराच्या मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये लांबलचक टेबल, टेबलावर जाड पांढरं कापड. ऑपरेशनच्या खोलीत असतं तसं. त्या कापडावर कुणी चहाचा कप ठेवला तर त्या माणसाची धडगत नसे.

घरात बायको आणि दोन मुली. त्यातल्या मोठीचं लग्न चित्रकलेच्या मास्तरांशी झालं होतं, आणि त्या लग्नाच्या जेवणात मिस्त्रींनी जे केलं ते त्यांच्या बायकोला विसरता येत नव्हतं. नवा जावई पाया पडून उठला आणि त्याने हात पुढे केला. बिचारा घाबरलेला, तळव्याला घाम सुटलेला. मिस्त्रींनी तो हात धरला, लगेच सोडला, आपला हात रुमालाने पुसला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "हात आहे की भिजलेलं पायपुसणं?" लोक हसले. मास्तरही हसले. मोठी हसली नाही. तेव्हापासून ती माहेरी यायची ती उभ्या उभ्या, पायातल्या चपलाही न काढता. मास्तर तर कधी आलेच नाहीत.

त्यामुळे धाकटीने जेव्हा घरात सांगितलं, की तिने बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात कामाला असलेल्या चष्मेवाल्याशी लग्न ठरवलंय, तो आता घाटापलीकडच्या गावात स्वतःचं दुकान टाकतोय आणि तीही तिथल्या दवाखान्यात नर्स म्हणून जातेय, तेव्हा बायकोने मिस्त्रींना स्वयंपाकघरात ओढून नेलं.

"एक मुलगी घालवलीत," ती म्हणाली. "दुसरी घालवलीत तर मी तिच्यामागोमाग जाईन. तुम्ही बसा इथे पिस्टन हुंगत."

"मी काही बोललोय का अजून?"

"तुमचं नाक बोलायला लागलंय. आधी ते खाली करा."

धाकटीची एकच अट होती. तिला ठमी हवी होती. ठमी म्हणजे घरची जुनी गाडी, बायकोच्या वडिलांनी दिलेली, गोल आणि बसकी. दोन्ही मुली तिच्यातच गाडी चालवायला शिकल्या होत्या. पण ठमीचं इंजिन होतं लहान. सपाटीवर ती गुणाने चाले, घाटात मात्र तिची बोबडी वळे आणि मागे ट्रकवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करत. घाटापलीकडे नांदायचं तर इंजिन मोठं करायला हवं होतं. धाकटीचं म्हणणं होतं की ते बाबांनीच करावं.

चष्मेवाला पहिल्यांदा शेडमध्ये आला तो छातीशी एक भलंमोठं खोकं धरून. गोरागोमटा, बोलघेवडा, बूट इतके स्वच्छ की मिस्त्रींना ते बघूनच संशय आला. खोकं त्याने थेट पांढऱ्या कापडावर ठेवलं. मिस्त्रींच्या कपाळाची शीर उडाली, पण दारात बायको आणि धाकटी उभ्या होत्या.

"काका, मी खूप वाचून काढलं," तो म्हणाला आणि एकेक वस्तू बाहेर काढू लागला.

आधी निघाले सिलिंडर. मोठ्या मापाचे, पण बाहेरून जुन्याएवढेच, म्हणजे इंजिनाचं मुख्य धड न कापता तसेच आत सरकवता येतील असे. आतून जागा वाढवलेली, तीही भिंत तासून पातळ करून. मिस्त्रींनी एक उचलला आणि नखाने वाजवला. पत्र्याच्या डब्यासारखा आवाज आला. हा सिलिंडर पहिल्याच उन्हाळ्यात तापून वेडावाकडा होणार, हे त्यांना कानाने कळलं. मग निघालं पंख्याचं कव्हर, आरशासारखं क्रोम केलेलं, ज्यात तेल गार करायच्या कूलरला जागाच ठेवलेली नव्हती. त्यात मिस्त्रींना स्वतःचं तोंड दिसलं आणि ते त्यांना फार काही आवडलं नाही. मग एक कॅमशाफ्ट निघाला, शर्यतीच्या गाडीचा, जो इंजिन किंचाळायला लागल्याशिवाय जोर देत नाही. नर्सबाईंनी घाट किंचाळत चढायचा की काय? एकेक वस्तू वाईट होतीच, पण एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नव्हता, हे त्याहून वाईट. चार वेगवेगळ्या दुकानांतून, दिसेल ते सगळ्यात झगझगीत उचललेलं.

"शी," ते म्हणाले.

चष्मेवाल्याने खिशातून ओला टिश्यू काढून हात पुसले.

"बाबा," धाकटी म्हणाली, "तोंडाने बोला. नाकाने नको."

मिस्त्रींनी आवंढा गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी इतकं काही एका घोटात गिळलं असेल. "इंजिन मी करतो," ते म्हणाले. "पण सामान मी निवडणार. सगळं. हे घेऊन जा."

"चालेल ना काका. तुम्ही म्हणाल तसं," चष्मेवाला लगेच म्हणाला. "फक्त खाली अजून थोडं आहे, तेवढं बघून घ्या..."

"बघितलं. पुरे."

"राहू द्या मग इथेच. लागलं तर असावं."

तो गेल्यावर मिस्त्रींनी ते खोकं पायाच्या अंगठ्याने टेबलाखाली ढकललं. हात लावायची त्यांना इच्छा झाली नाही. मग कापड बदललं.

त्यानंतर मिस्त्री सामान निवडायला बाहेर पडले. बाजारात त्यांना येताना बघून पार्ट्सची दुकानदार मंडळी एकमेकांना खुणा करायची. मिस्त्री काउंटरवर बसत, चष्मा कपाळावर चढवत आणि पेटीमागून पेटी उघडायला लावत. सिलिंडर त्यांनी सगळ्यात मोठ्या मापाचे घेतले नाहीत. त्याच्या खालच्या मापाचे, जाड भिंतीचे शोधले. ते बसवायला इंजिनाच्या धडातली भोकं बोअर करून रुंद करावी लागणार होती, पण घाट चढताना ती जाड भिंतच उपयोगी पडते. क्रँकशाफ्टच्या तेलाच्या भोकांत त्यांनी कान कोरायची काडी घालून पाहिली आणि काडीवर लोखंडाचा भुसा आल्यावर तो दुकानदाराच्या हिशेबाच्या यंत्रावर झटकला. सिलिंडरांवर बसणाऱ्या हेडमध्ये ओतकामाची वाळू निघाली, तेव्हा "तुमच्याकडे हे धुतात की नुसतं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळतात?" असं विचारलं. कॅमशाफ्ट घेतला तो साधा, मवाळ, इंजिन हळू फिरतानाच जोर देणारा. "हौशी लोक हा घेत नाहीत हो," दुकानदार म्हणाला. "हौशी लोक घाटात ढकलत असतात," मिस्त्री म्हणाले.

घरी आल्यावर ते बायकोला सगळ्या बाजाराची घाण ऐकवत. कुणी पिस्टनच्या रिंगा जेवणाच्या डब्याशेजारी ठेवतो. कुणी नवा म्हणून विकतो तो जुना घासलेला असतो. "सगळीकडे नुसता चिखल," ते म्हणत. बायको भाजी चिरत ऐकून घेई.

"जावई निवडताना एवढं बघितलं नाहीत," ती एकदा म्हणाली.

"मला कुणी निवडायला सांगितलं होतं?"

"नाही सांगितलं ते बरंच झालं. दोघी अजून घरात बसल्या असत्या."

एक गोष्ट मात्र मिस्त्रींना मिळेना. या इंजिनात सिलिंडरांच्या खाली काळे, वेडेवाकडे पत्रे बसतात. पंख्याचा वारा सिलिंडरांभोवती लपेटून खाली सोडायचा आणि खालची गरम हवा वर येऊ द्यायची नाही, एवढंच त्यांचं काम. बसवल्यावर ते दिसत नाहीत आणि दिसले तरी कुरूप दिसतात, म्हणून हौशी माणसं ते पहिल्यांदा काढून फेकतात. ठमीचं जुनं इंजिन धाकटीने आणि चष्मेवाल्याने आधीच समोरच्या वेल्डरकडे सोडवून ठेवलं होतं. मिस्त्रींनी ते आणून उघडलं तर पत्रे गायब.

त्यांना काही विचारायची गरजच वाटली नाही. क्रोमचं कव्हर आणणारा माणूस काळ्या पत्र्यांचं काय करणार? फेकले असणार भंगारात. तळपायाची आग मस्तकात गेली त्यांच्या. रात्री जेवताना त्यांनी घास खाली ठेवला आणि बायकोला म्हणाले, "तुझ्या जावयाने पत्रे फेकले."

"विचारलंत त्याला?"

"विचारायचं काय त्यात? त्या बुटांवरून दिसतंय."

मग नवे पत्रे आले. बाजारातले, पातळ, कापल्या कडा धारदार, भोकं भलतीकडे. मिस्त्रींनी ते ठोकले, वाकवले, तासले. सिलिंडरला चिकटून बसायच्या जागी बोट जाईल एवढी फट राहतच होती. या एका गोष्टीची त्यांना इतकी किळस आली की जेवण जाईना. पण धाकटीची निघायची तारीख जवळ येत होती, आणि फट राहिली ती त्या चष्मेवाल्याच्या पापाने, आपल्या नव्हे, असं मनाशी म्हणून त्यांनी ते पत्रे बसवले. एरवी दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मिस्त्रींनी त्याला शेडमध्ये पाय ठेवू दिला नसता.

बाकी इंजिन मात्र त्यांनी रीतीप्रमाणेच केलं. मिस्त्रींचं इंजिन दोनदा जोडलं जाई. पहिल्यांदा कोरडं, नुसतं बघायला. पिस्टनच्या डोक्यावर मुलांच्या खेळण्यातली मऊ माती थापायची, सगळं जोडून हाताने क्रँक फिरवायचा, परत उघडायचं आणि व्हॉल्व्ह मातीत किती रुतला ते मोजायचं. मग सगळं सुटं करून, धुऊन, तेल लावून पुन्हा जोडायचं. धाकटी संध्याकाळी ड्यूटीवरून येऊन स्टुलावर बसून हे बघायची. लहानपणी माती थापायचं काम तिचं असे. आताही तिनेच ती थापली. त्या संध्याकाळी मिस्त्रींना कसलीच किळस आली नाही.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आवाज भरदार, मवाळ. बायकोने दारातून डोकावून "अगंबाई, ठमी वयात आली" म्हटलं. दोनचार दिवस गावातल्या गावात फिरवून झाल्यावर मिस्त्री आणि धाकटी गावाबाहेरच्या टेकडीवर निघाले. धाकटी गाडी चालवत होती. पहिला चढ ठमीने असा घेतला की धाकटी हसायलाच लागली. दुसऱ्या वळणावर मिस्त्रींचं नाक हललं.

"थांबव."

"छान तर चालतेय, बाबा."

"थांबव म्हणतो ना."

गाडी कडेला लागली. मिस्त्री मागे गेले, झाकण उघडलं. तापलेल्या तेलाचा करपट वास भसकन अंगावर आला. खालची गरम हवा फटीतून वर चढत होती आणि पंखा तीच पुन्हा ओढून घेत होता. इंजिन स्वतःच्याच घामात शिजत होतं. टेकडीवर ही गत, तर घाटात अर्ध्यावर काय होईल? सामान भरलेलं, मागे ट्रक, एका बाजूला दरी आणि आत आपली मुलगी. मिस्त्रींच्या तोंडातून मात्र आलं ते नेहमीचंच.

"त्या चकचकीत माणसाने पत्रे फेकले नसते तर ही वेळ आली नसती. हात धुतो सारखा टिश्यूने, आणि अक्कल मात्र..."

"कुठले पत्रे?"

"ठमीचे. खालचे. फेकून दिले तुझ्या चष्मेवाल्याने."

धाकटीने त्यांच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मिस्त्रींनी आरशात अनेकदा पाहिलं होतं. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर, आणि आपल्याकडे बघताना, ते पहिल्यांदाच पाहिलं.

"ते तुमच्या टेबलाखाली आहेत, बाबा," ती म्हणाली. "खोक्याच्या तळाशी. वेल्डरकाका म्हणाले हे गंजलेत, टाकून द्या. तो म्हणाला, तुझे बाबा ओरडतील, जुनंच चांगलं असणार. कितीतरी रविवार घासत होता. पहिल्याच दिवशी तो सांगत होता तुम्हाला, खाली अजून आहे."

तिने गाडीची किल्ली काढून त्यांच्या हातात ठेवली.

"ठमी राहू द्या तुमच्याकडे. आम्ही बसने जाऊ. आणि ताईसारखंच येऊ, उभ्या उभ्या."

ती रस्त्याच्या कडेने चालत गावाकडे निघाली. मिस्त्री इंजिन गार व्हायची वाट बघत तिथेच बसून राहिले, आणि तो वास त्यांच्या नाकातून जाईना.

शेडमध्ये आल्यावर त्यांनी खोकं बाहेर ओढलं. पातळ सिलिंडर, क्रोमचं कव्हर, सगळं बाजूला काढलं. तळाशी चष्मे पुसायच्या मऊ निळ्या फडक्यांत गुंडाळलेले पत्रे होते. गंज पार निघालेला, कडा सरळ केलेल्या, काळा रंग हाताने दिलेला, प्रत्येक फडक्याला दोरा बांधलेला. मिस्त्रींनी सवयीने एक उजेडात फिरवला. दोष शोधला. रंग एका कोपऱ्यात जरा ओघळला होता. त्यांना शी म्हणता येईना. आपण बाजारभर नाक वर करून फिरलो, लोकांच्या पेट्या उचकल्या आणि हवं ते पायाने ढकलून त्याच्याशेजारीच उभे राहून काम केलं, याची त्यांना इतकी घाण वाटली की ते बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आले.

मग ते चष्म्याच्या दुकानात गेले. तिथे तो एका म्हातारीच्या नाकावर फ्रेम बसवून बघत होता. मिस्त्रींना पाहून तो उभा राहिला आणि त्याचा हात आपोआप टिश्यूच्या डब्याकडे गेला.

"हेड उतरवायचं आहे," मिस्त्री म्हणाले. "उतरवताना सिलिंडरही त्याच्याबरोबर निसटून येतात. धरायला माणूस लागतो."

"मी येऊ?"

"म्हणून तर आलोय. आणि ते पत्रे..." इथे त्यांची गाडी अडली. "ते चांगले केलेस तू."

म्हातारी फ्रेमवरून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

इंजिन पुन्हा खाली आलं. चष्मेवाल्याने दोन्ही हातांनी सिलिंडर घट्ट दाबून धरले, काळं तेल त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं, आणि तो एकदाही हात सोडून पुसायला गेला नाही. एकदा मात्र त्याने पत्रा उलटा लावला. "शी," मिस्त्री म्हणाले. दारात बसलेल्या धाकटीने डोकं वर केलं. "म्हणजे, तिकडून फिरव जरा," मिस्त्री म्हणाले. ठमीचे पत्रे सिलिंडरांना असे बिलगून बसले, की मध्ये कागदसुद्धा जाईना.

लग्न लागलं आणि निघायच्या दिवशी घाटमाथ्यापर्यंत मिस्त्रीही बरोबर गेले, मागच्या सीटवर, भांड्यांच्या पोत्याला टेकून. ठमी घाट चढली, मध्ये एका ट्रकला मागे टाकूनही चढली. माथ्यावर गाडी थांबवून त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, कव्हरवर तळवा ठेवला. तळवा तिथेच राहिला. धाकटीने त्यांच्या त्या हातावर आपला हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, पुढच्या महिन्यात राहायला येतो. चांगले आठवडाभर."

परतीची बस पायथ्याच्या गावात थांबते. मोठी तिथेच राहायची. बायकोने निघतानाच बजावलं होतं, उतरा म्हणून. मिस्त्री उतरले. गल्ली ओळखीची नव्हती, विचारत विचारत गेले. जिन्यात कुठल्यातरी शेजाऱ्याने कचऱ्याची पिशवी ठेवली होती. त्यांचं नाक मुरडलं गेलं, ते त्यांनी बोटांनी चिमटीत धरून सरळ केलं आणि बेल वाजवली.

दार मास्तरांनी उघडलं. केस पिकायला लागले होते, बोटांना रंग लागला होता. मग मास्तरांनी "या ना, आत या" म्हटलं आणि हात पुढे केला. पुढे करता करता तो अर्ध्यावर थांबला. मास्तरांनी तो मागे घेतला, पँटला घासून खसाखसा पुसला, एकदा स्वतःच तपासून बघितला, आणि मगच परत पुढे केला.

"पुसू नका हो," मिस्त्री म्हणाले. पण तोवर पुसून झाला होता.